आईला न आलेली चक्कर

अकोल्या-अमरावतीकडच्या माणसाचं कपाळ नीट पाहिलं, तर बऱ्याच जणांच्या भुवईजवळ एखादी जुनी खूण सापडते. बाहेरच्याला वाटतं, हा लहानपणी झाडावरून पडला असेल. झाडबीड काही नसतं. ती कूलरची खूण असते.

आमच्याकडे मार्च लागला की घरोघरी माळ्यावरून पत्र्याचे कूलर खाली येतात. त्यांच्या ताट्यांमध्ये नवं गवत भरलं जातं आणि ते खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर चढतात. खिडकी बहुतेक वेळा दोन घरांमधल्या अरुंद बोळीत उघडते. म्हणजे कूलर बोळीत, आणि माणसंही त्याच बोळीतून जाणार-येणार. कूलर जागेवर असतो तोवर एक वेळ ठीक. एवढा मोठा खोका दिसतो, त्याची घरघर ऐकू येते, अंगावर शिंतोडे उडतात. खरा घात पुढेच आहे. पाऊस सुरू झाला की कूलर उतरवतात, धुतात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकतात. स्टँड मात्र तिथंच राहतो, कारण तो भिंतीत सिमेंटनं पक्का बसवलेला असतो. भिंतीतून बाहेर आलेले दोन लोखंडी अँगल, बरोबर कपाळाच्या उंचीला, रिकामे आणि गंजलेले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसेच. आणि आम्ही शहाणी माणसं त्यांच्या टोकांना चिंध्या बांधतो. आमच्या घरी एका वर्षी जुन्या स्लिपरचा तळवा तारेनं आवळून बांधला होता. टोक कापावं, असं कोणाच्या मनात येत नाही. टोकाला कपडे घालावेत, एवढंच सुचतं.

अमरावतीतल्या आमच्या घराला असा स्टँड माझ्या मोठ्या भावानं बसवला. आईवडिलांनी दोघांच्या पगारातून बांधलेलं ते तीन खोल्यांचं घर. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. भाऊ नोकरीसाठी अकोल्याला गेला, तिथंच त्यानं फ्लॅट घेतला. त्याची मुलं लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत यायची, त्यांना गरम होऊ नये म्हणून त्यानं मधल्या खोलीच्या खिडकीला कूलर लावला. मुलं मोठी झाली, यायची थांबली. वडील गेले. कूलरचा पत्रा सडला, तो भंगारात गेला. स्टँड राहिला.

त्या बोळीतून मागच्या अंगणात जायचं, नळ तिथं, धुण्याचा दगड तिथं, कपड्यांची तार तिथं. माझी स्वतःची भुवई त्याच स्टँडवर फुटली, लग्नानंतर माहेरी आले होते तेव्हा. रक्तानं पदर भिजला, आणि दारात जमलेल्या बायकांपैकी पहिली जी बोलली ती म्हणाली, "पाहून चालत जाय न व माय." दुसरी म्हणाली, "धांदरट हाये पयल्यापासून." स्टँडकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मला ह्या गोष्टीचा तेव्हापासून राग आहे. लहान मूल पडलं की आपण काय करतो? जमिनीला चापट मारतो. "हात रे जमिनी, बाळाला पाडलंस काय!" असं म्हणतो. "मुंगी मेली, मुंगी मेली," म्हणून त्याला हसवतो. दाराला डोकं आपटलं तर दाराला मारतो. म्हणजे मूल चालायला शिकतं तोवर सगळा गुन्हा जमिनीचा आणि दाराचा. मग कुठल्या वयात ही जमीन एकदम निर्दोष सुटते? शाळेत जायला लागलं की "डोळे कुठं होते?" सुरू होतं. बाई असली की "लक्ष कुठं होतं?" आणि म्हातारी झाली की विचारतच नाहीत. लोक स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.

आई पडली ती हिवाळ्यात. सकाळी कपडे धुवून, बादली घेऊन ती बोळीतून पुढच्या अंगणाकडे येत होती, कारण थंडीत ऊन पुढच्या बाजूला आधी येतं. बोळीत शेवाळ साचलेलं. घसरू नये म्हणून ती पायांकडे पाहत चालली होती. लोक म्हणतात ना पाहून चालावं, ती पाहूनच चालत होती. त्या बोळीत खाली पाहिलं तर वर लागतं आणि वर पाहिलं तर खाली घसरतं. अँगलचं टोक कपाळात बसलं, तोल गेला, ती मागे कोसळली आणि डाव्या मनगटावर आपटली. कपाळाला टाके पडले आणि हाताला प्लास्टर.

शेजारच्या काकूंनी आवाज ऐकला, त्याच धावत आल्या. ऑटो त्यांनीच बोलावला, दवाखान्यात त्यांनीच नेलं आणि मला फोनही त्यांनीच केला. "घाबरू नको व माय, पण तुयी आई पडली. बोळीतला तो स्टँड लागला कपायाले. रक्त लय गेलं, पण बोलून राहिली चांगली." बाईचं एकेक वाक्य स्वच्छ होतं. कोण पडलं, कशानं पडलं, आता कसं आहे. ह्याहून चांगली हकिकत पोलिसांनाही लिहिता येणार नाही.

मीही अकोल्यातच राहते, बाळापूरच्या एका शाळेत शिकवते. भावानं मला वाटेत गाडीत घेतलं. अमरावतीपर्यंत तो एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणत होता. "मी कवापासून म्हणून राहिलो, एकटी नोको राहू. ऐकतच नाई." मी त्याला काकूंनी सांगितलेलं सांगितलं. तो म्हणाला, "हाव, पण अशी कशी लागली? आधी चक्कर आली असंन." उचलली जीभ लावली टाळ्याला. ती चक्कर तिथं, मूर्तिजापूरच्या अलीकडे, चालत्या गाडीत जन्माला आली.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, वागायला चांगले. आई खाटेवर टेकून बसली होती, कपाळाला पट्टी, हात गळ्यात अडकवलेला, पण पूर्ण भानावर. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून भावाला विचारलं, "कशा पडल्या?"

भाऊ म्हणाला, "चक्कर आली. बीपीची गोळी चालू हाये तिची."

आई म्हणाली, "चक्कर नाई आली मले. स्टँड लागला. मंग पडली."

"हो हो आजी, तुम्ही आराम करा," डॉक्टर म्हणाले आणि परत भावाकडे वळले. "याआधी कधी चक्कर आली होती?"

याआधी! म्हणजे ही पहिली आलीच, असं ठरलंसुद्धा. ज्या माणसाच्या कपाळावर लोखंड बसलं ते माणूस हातभर अंतरावर शुद्धीत बसलेलं, आणि साक्ष कोणाची घ्यायची, तर त्या वेळी अकोल्यात चहा पीत असलेल्या मुलाची. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांनाच विचारा ना. त्यांनी चाळीसेक वर्षं पोरांना शिकवलंय, स्वतः कशा पडल्या हे त्यांना सांगता येईल." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नातेवाइकांत एखादी अशी असतेच, हे त्यांना सवयीचं असावं.

मग तपासण्या सुरू झाल्या. डोक्याचा फोटो निघाला, ईसीजीची पट्टी निघाली, साखर झाली, रक्त झालं. सगळं व्यवस्थित आलं. मला वाटलं, आता तरी विषय मिटला. भाऊ म्हणाला, "रिपोर्टात नाई आलं म्हून काय चक्कर आलीच नाई?" पुरावा सापडला तर चक्कर खरी, आणि नाही सापडला तर चक्कर हुशार.

पुढचे दिवस घरी माणसांची रीघ लागली. आई दर रविवारी विहारात जाते, वस्तीतल्या मुलींना वंदना शिकवते आणि त्यानंतर तासभर गणित घेते. त्या मुलींच्या आया आल्या, विहारातल्या बायका आल्या, आईबरोबर नोकरी केलेल्या बाई आल्या. प्रत्येकीला भाऊ दारातच चक्करीची गोष्ट सांगायचा, आणि आत आल्यावर प्रत्येकजण आईला म्हणायची, "बाई, आता लेकाकडं राहा." आई सुरुवातीला प्रत्येकीला सांगायची, स्टँड लागला म्हणून. मग बाया एकमेकींकडे पाहून मान हलवायच्या, जशी आपण हट्टी पोराचं ऐकताना हलवतो. गोष्टही रोज वाढत होती. आधी नुसती चक्कर होती, मग डोळ्यापुढं अंधारी आली, मग दातखीळ बसली. शेवटी तेल्हाऱ्याहून चुलत आत्याचा फोन आला. "वैनीले फिट येतेत म्हणे?"

एका दुपारी आईनं भावाला बोळीत नेलं. प्लास्टरचा हात सांभाळत ती स्टँडपाशी उभी राहिली आणि दाखवलं, हे पाह्य, हे टोक, अन् हे माझं कपाळ. उंची अगदी जुळत होती. टोकाला बांधलेल्या चिंधीवर वाळलेलं रक्तही होतं. भाऊ हसला. म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं करून राहिली तू आई."

ही म्हण मला कधीच आवडली नाही, त्या दिवसापासून तर तिची चीडच आली आहे. ज्यानं कोणी ती काढली त्यानं अंगण जाऊन पाहिलं होतं का? नाचणाऱ्याला नावं ठेवायच्या आधी दोरी लावून बघितली होती का? आपल्याकडे अर्धी अंगणं वाकडीच असतात. रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो, घरं खाली जातात. गटारावरचा दगड डुगडुगतो. जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच असते. हे सगळं बांधणारे शहाणे, आणि त्यावर पडणारा वेडा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

प्लास्टर निघालं आणि भावानं निर्णय सांगितला. घर बंद करायचं, आईनं अकोल्याला यायचं. मी विरोध केला, तर तो म्हणाला, "तू नेतं काय तुया घरी?" माझ्याकडे सासूबाई आहेत, दोन खोल्या आहेत, आणि आईनं लेकीकडे राहायचं नसतं हे आईलाच मान्य आहे. आईनं एकदाच म्हटलं, "पोरींचं अपूर्णांकाचं राह्यलं हाये." भाऊ म्हणाला, "दुसरं कोणी शिकवन." घराची किल्ली काकूंकडे गेली, कुंड्या काकूंच्या ओट्यावर गेल्या. आई खिडकीशी बसून अकोल्याला आली. मला आठवतं, तिनं मला कुठला रागही दाखवला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

भावाचा फ्लॅट चांगला आहे. वहिनी वाईट नाही, हेही आधीच सांगते, कारण असल्या गोष्टीत सुनेला वाईट ठरवणं फार सोपं असतं. तिनं आईला वेगळी खोली दिली, चादर नवी घातली, जेवण गरम वाढलं. पण तिला सांगितलं होतं की सासूबाईंना चक्कर येते. मग ती काय करणार? आई उठली की ती धावायची. "आई, बसा, मी देते." पाण्यासाठी उठली, मी देते. वर्तमानपत्रासाठी उठली, मी आणते. खाली फाटकापर्यंत जाऊन येते म्हटलं, तर नको, एकट्या नको. जी बाई अमरावतीत भाजीची पिशवी घेऊन रोज बाजारातून चालत यायची, ती दिवसभर दिवाणावर बसून राहायला लागली. मे महिन्यापर्यंत तिचे पाय खरोखरच लटपटू लागले. चालवलं नाही तर कोणाचे नाही लटपटणार!

आणि फ्लॅट काय होता? पांढरीशुभ्र फरशी, आरशासारखी, पाणी सांडलं तरी दिसायचं नाही. दिवाणखान्याच्या मधोमध काचेचा टीपॉय, त्याची काच इतकी स्वच्छ की काठ कुठं संपतो कळायचं नाही. न्हाणीघराच्या दारात एक अर्धवट पायरी, पायरी म्हणावी तर ठेंगणी, उंबरठा म्हणावा तर रुंद. नवख्या माणसाला आपटायला ह्याहून सोयीची जागा वऱ्हाडात शोधून सापडणार नाही. आई आपटलीही असणार. पण आम्हाला कोणाला काही कळत नव्हतं, आणि भाऊ खुशीत म्हणायचा, "पाह्य, इकडं आल्यापासून एकदाही पडली नाई."

मे महिन्यातल्या एका दुपारी मी तिला भेटायला गेले. अकोल्याचा मे. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नाही. आणि आई आत मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज घालून बसलेली. मी म्हटलं, "आई, हे काय? जीव नाही का उकडत?" म्हणाली, "एसी हाये न." वहिनी खाली गेली होती. आईचं मनगट प्लास्टरनंतर ताठ झालं होतं, मागचे हूक तिला लवकर निघायचे नाहीत आणि वहिनीला ती बोलवायची नाही, म्हणून कपडे बदलताना तिनं मला मदतीला बोलावलं. ब्लाऊज उतरवलं आणि माझा हात थांबला. कोपराच्या वर काळानिळा डाग होता, दंडावर जुना पिवळा पडलेला दुसरा. परकर जरा वर केला, तर नडगीवर टीपॉयच्या काठाची सरळ रेघ.

"आई, हे कधी लागलं? सांगितलं नाहीस कुणाला?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कोनाले सांगू नोको."

"अगं पण का?"

"सांगतलं की म्हणतीन, पाहा, आली चक्कर. मंग अमरावती कायमचीच गेली माही." मग थोडं थांबून म्हणाली, "आता मलेच समजत नाई बाई. टीपॉय दिसला नाई, की खरंच काई झालं व्हतं मले?"

मी आयुष्यात पुष्कळदा चिडले आहे. पण त्या दुपारी जी आग लागली ती वेगळी होती. लागलेलं दुखणं सहन होतं. पण लागलं हे लपवावं लागणं, चोरीचा माल लपवावा तसं स्वतःचं अंग उन्हाळ्यात झाकून बसणं, आणि वरून स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास जाणं, हे कोणत्या गुन्ह्याची शिक्षा? तिनं कोणाचं काय बिघडवलं होतं? एका लोखंडी टोकावर तिचं कपाळ आपटलं, एवढंच. मी तिच्या डागांवर तेल लावत राहिले. भावाला सांगायचं नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

मी बोलले असते की नाही, माहीत नाही. पण पुढच्याच महिन्यात भाऊ पडला.

आंघोळ करून तो बाहेर आला, ओल्या पायांनी, आणि दिवाणखान्यात फोन वाजत होता म्हणून घाईनं निघाला. पांढऱ्या फरशीवर पाय सरकला आणि तो जो बसला तो सरळ माकडहाडावर. ओरडला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. हाड मोडलं नाही, पण दुखावलं. मी भेटायला गेले तेव्हा तो गाडीच्या ट्यूबसारख्या गोल उशीवर बसला होता, तोंड वाकडं करून. वहिनी बाजूला, आई दिवाणावर. आणि घरात एक माणूस गुडघ्यावर बसून फरशी खरखरीत करायचं औषध लावत होता.

घराचा कायापालटच झाला होता. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसली होती. दारात रबराची चटई आली होती. काचेचा टीपॉय गच्चीच्या जिन्याखाली गेला होता. भाऊ फोनवर कोणाला तरी सांगत होता, "अरे फरशीच बेकार हाये बावा. बिल्डरनं फसवलं. बरफच समज. मी सोडत नाई त्याले." पलीकडूनही सहानुभूतीच येत होती, आजकालच्या फरशाच तशा म्हणून. आपला तो बाब्या.

फोन ठेवल्यावर मी अगदी शांतपणे विचारलं, "दादा, चक्कर आली होती का?"

"चक्कर कायची? पाणी व्हतं फरशीवर."

"पण आधी चक्कर आली असेल ना? पन्नाशी उलटली तुझी. बीपी पाहिलं? डोक्याचा फोटो काढला?"

"मजाक करून राहिली काय? मले मालूम नाई काय, मी कसा पडलो ते?"

"तेच तर!" मी म्हटलं, आणि मग माझा आवाज माझ्या ताब्यात राहिला नाही. "तुला माहीत आहे तू कसा पडलास, आणि सगळ्यांनी ते मानलं. आईलाही माहीत होतं. तिनं सांगितलं, काकूंनी सांगितलं, तिनं तुला नेऊन रक्त लागलेली चिंधी दाखवली. तू पडलास तर फरशीला औषध लावलं. आई पडली तर आईच उचलून आणली! स्टँड अजून भिंतीत तसाच आहे, माहीत आहे तुला? तिचं घर बंद आहे, आणि स्टँड तिथं मजेत उभा आहे."

फरशीवाला मान खाली घालून काम करत राहिला. वहिनीचं तोंड उतरलं. भाऊ म्हणाला, "तिचं येगळं हाये. तिचं वय पाह्य." त्यानं ते म्हटलं खरं, पण म्हणताना आईकडे पाहिलं नाही.

आई दिवाणावरून उठली. वहिनी सवयीनं पुढं झाली, तर आईनं हातानंच थांबवलं. तिनं ब्लाऊजची बाही वर सारली, एक पिवळा पडलेला डाग, त्याच्याशेजारी एक नवा, आणि मग साडी थोडी उचलून नडगीची रेघ. भावाच्या समोर उभी राहिली.

"हे तुया टीपॉयनं केलं. हे न्हाणीच्या पायरीनं. लपवलं मी, तुया भेवानं. पोरगा हायेस माहा, अन् तुया भेवानं."

भाऊ गोल उशीवरून उठायला गेला आणि कळ आली म्हणून परत बसला. त्याचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. पण खरं सांगते, मला त्या क्षणी त्याची दया आली नाही.

"मले घरी जाचं हाये," आई म्हणाली.

"अन् पडली तर?"

"पडली त पडीन. पण काहून पडली ते मी सांगीन. तू नोको सांगू."

भावाला गाडीत बसता यायला लागलं, तेव्हा त्यानंच आईला सोडलं. मीही गेले. पावसाळा सुरू झाला होता, बोळीत नवं हिरवं शेवाळ आलं होतं. काकूंनी आधीच ग्राइंडरवाल्याला बोलावून ठेवलं होतं. ठिणग्या उडायला लागल्यावर भाऊ म्हणाला, "मुळासकट नोको कापू, उन्हाळ्यात कूलर लावा लागला तर?" इतकं सगळं होऊनसुद्धा! आई म्हणाली, "कूलर समोर ओट्यावर उभा करीन, त्याच्या पायावर. भिंतीशी कापा." दोन्ही अँगल खाली पडले. मग तिनं स्वतः खराटा घेऊन बोळीतलं शेवाळ घासलं, आणि भाऊ बादलीनं पाणी ओतत राहिला. रविवारी मुली आल्या. महिनाभरात तिचे पायही पूर्ववत झाले, कोणत्याही गोळीशिवाय.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. मधले ते महिने तिला कोणी परत देणार नाही. तेल्हाऱ्याची आत्या अजूनही फिटची विचारपूस करते. आणि रस्त्यात कोणी ठेच लागून पडलं की आजूबाजूचे दहा लोक "पाहून चाला ना," म्हणतातच, मी ऐकते आणि दर वेळी भांडते. घरचे म्हणतात, तू भांडखोर झाली आहेस. झाले असेन.

परवा सकाळी शाळेत निघायच्या वेळी आईचा फोन आला.

"मी पडली," ती म्हणाली. आवाज एकदम खणखणीत.

"कशी गं?"

"विहारासमोर नवी नाली खंदली न, त्याची माती तशीच टाकून देली मेल्यायनं. चप्पल फसली. गुडघा फुटला. हयद लावली. साडीचा काठ फाटला, तो लय चांगला व्हता."

इतकं सगळं तिनं एका दमात सांगितलं, काही न लपवता, साडीच्या काठासकट. मी विचारलं, दादाला सांगायचं का?

"त्याले सांगतलं न मी. तुयाआधीच."

"मग काय म्हणाला तो?"

"काई नाई. कायच्यात अडकली, इचारलं."

मी फोन ठेवला आणि पर्स उचलून शाळेला निघाले. एवढा साधा प्रश्न होता. तो आमच्या घरात यायला दादाला आधी स्वतः आपटावं लागलं.